टाक्याची सनद

शस्त्रवैद्याच्या साधनांत दिसायला क्षुद्र आणि परिणामाने थोर असे काही असेल, तर तो टाके घालण्याचा दोरा. शस्त्राने कापणे हे शस्त्रक्रियेचे अर्धे अंग होय. कापलेले पुन्हा सांधणे, आणि शरीराने ते सांधकाम आपलेसे करून घ्यावे अशा रीतीने सांधणे, हे तिचे दुसरे व अधिक अवघड अंग आहे. सुश्रुतसंहितेत या दुसऱ्या अंगाचा जो विचार झाला आहे तो पाहिला, म्हणजे हा प्रश्न किती जुना आहे याची कल्पना येते. अश्मंतकाची साल, ताग, अळशीचे सूत, स्नायू आणि केस अशी टाक्याची द्रव्ये तेथे सांगितली आहेत. जेथे मांस थोडे त्या जागी आणि सांध्यांवर दोन अंगुळे लांबीची गोल सुई, मांसल जागी तीन अंगुळांची त्रिधारी सुई, आणि मर्मस्थाने, वृषण व उदर यांसाठी धनुष्यासारखी वाकडी सुई, असा सुयांचा भेद केला आहे. आणि छिद्र पडलेल्या आतड्याच्या कडा जुळवून त्यांना मोठ्या काळ्या मुंग्या डसवाव्यात व मुंगीचे धड तोडून डोके तेथेच राहू द्यावे, हा उपायही चिकित्सास्थानात नोंदलेला आहे.

तेव्हापासून आजपर्यंत दोऱ्याने अनेक अवतार घेतले. मेंढ्यांच्या व गुरांच्या आतड्यांपासून वळलेला कॅटगट आला. १८६९ साली जोसेफ लिस्टर यांनी कार्बॉलिक आम्लाचा संस्कार केलेल्या कॅटगटचा पुरस्कार केला. रेशीम, कापूस, नायलॉन यांची भर पडली. आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शरीरातील पाण्यानेच हळूहळू विघटित होणारे कृत्रिम दोरे प्रयोगशाळेतून बाहेर पडले. पण द्रव्य कितीही बदलले तरी एक गोष्ट दीर्घकाळ कायम राहिली, ती म्हणजे गाठ. दोरा सरकू नये म्हणून गाठ मारावी लागते. परंतु ताण आला असता दोरा बहुधा तुटतो तो गाठीपाशीच. शरीराला परक्या असलेल्या द्रव्याचा पुंजका एकवटतो तोही गाठीतच. आणि पोटाला पाडलेल्या लहान छिद्रांतून लांब दांड्यांची साधने आत सोडून, डोळे समोरच्या पडद्यावर ठेवून, आतल्या आत गाठ मारणे हे तर असे कसब आहे की ते हस्तगत व्हायला पुष्कळ अभ्यास लागतो. गाठीवाचून टाका कसा टिकेल, या एका प्रश्नाभोवती गेल्या साठ-सत्तर वर्षांत संशोधकांनी, कारखानदारांनी आणि वकिलांनी जी धडपड केली, तिचा बराचसा इतिहास पेटंटच्या दप्तरात पडून आहे.

पेटंट म्हणजे राज्यसत्तेने दिलेली मुदतबंद सनद. संशोधकाने आपली युक्ती उघड करून सांगावी, आणि त्या मोबदल्यात ती युक्ती वापरण्यापासून इतरांना रोखण्याचा अधिकार त्याला अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे मिळावा, असा हा व्यवहार आहे. या व्यवहारात एका बाजूला अर्जदार असतो, त्याचा वकील असतो, बहुधा त्याची कंपनीही असते. दुसऱ्या बाजूला सर्व जनता असते, म्हणजे ज्यांना उद्या तो दोरा वापरावा लागेल ते शस्त्रवैद्य, ज्यांच्या अंगात तो ओवला जाईल ते रुग्ण, आणि तसाच दोरा स्वस्तात करू इच्छिणारा दुसरा कारखानदार. ही दुसरी बाजू पेटंट कार्यालयाच्या दालनात हजर नसते. तिच्या वतीने तेथे बसलेला असतो तो परीक्षक. आणि म्हणूनच त्याच्या कामाकडे नुसती कारकुनी म्हणून पाहणे मला अन्यायाचे वाटते.

आपल्या देशात १९७० चा पेटंट कायदा लागू आहे. कार्यालयाचे मुख्य ठाणे कोलकात्याला असून दिल्ली, चेन्नई व मुंबई येथे शाखा आहेत. महाराष्ट्र आणि गोव्यातील अर्जदारांचे अर्ज मुंबईत अँटॉप हिल येथील बौद्धिक संपदा भवनात असलेल्या शाखेच्या अखत्यारीत येतात. अर्ज दाखल झाला म्हणजे तो आपोआप परीक्षकाच्या टेबलावर जातो असे नाही. सामान्यतः १८ महिन्यांनी तो प्रसिद्ध होतो. परीक्षणाची वेगळी विनंती करावी लागते, तिची मुदत पूर्वी ४८ महिन्यांची होती ती २०२४ च्या नियमबदलाने ३१ महिन्यांवर आली. मग परीक्षक पूर्वीचे साहित्य धुंडाळून आपला अहवाल देतो, त्यातील हरकतींना अर्जदाराने ६ महिन्यांत उत्तर द्यायचे असते, गरज पडल्यास सुनावणी होते, आणि शेवटचा निर्णय परीक्षक नव्हे तर नियंत्रक देतो. हा झाला क्रम. खरे मर्म आहे ते परीक्षक त्या कागदात पाहतो काय यात.

अर्जाचे दोन मुख्य भाग असतात. एक वर्णनाचा, ज्यात शोध काय आहे, तो कसा करावा, आकृत्या कोणत्या, हे सविस्तर सांगितलेले असते. आणि दुसरा दाव्यांचा, ज्यात क्रमांक घालून, एकेका वाक्यात, अर्जदार आपल्या मालकीची चतुःसीमा आखतो. वर्णन कितीही विद्वत्तापूर्ण असो, हक्क मिळतो तो दाव्यातल्या शब्दांपुरता. एक शब्द अधिक घातला की हद्द आकुंचन पावते, एक शब्द गाळला की ती विस्तारते. म्हणून वकील शब्द गाळण्याच्या मागे असतो आणि परीक्षक ते घालायला लावण्याच्या. ‘नायलॉनचा दोरा’ असे लिहिले तर रेशमाचा दोरा करणारा मोकळा राहतो; नुसते ‘लांब लवचीक अंग’ असे लिहिले तर रेशीम, नायलॉन, तार, सर्व काही त्या शब्दांच्या पोटात येते. अर्जदार पहिल्या खेपेस व्यापकच मागणी करणार, हे परीक्षक गृहीतच धरतो.

आता गाठीवाचून टिकणाऱ्या दोऱ्याचेच उदाहरण घेऊ. या दोऱ्याच्या अंगावर ठरावीक अंतराने बारीक तिरके काप दिलेले असतात. कापाचा पातळ पापुद्रा उचलला जाऊन त्याचा काटा होतो. आणि गवताचे कुसळ धोतरात जसे पुढे पुढे सरकते पण मागे ओढू गेल्यास अडते, तसा हा दोरा ऊतींतून सुईमागे सहज जातो आणि उलट ओढला की काटे रोवून उभा राहतो. ताण एका गाठीवर न पडता दोऱ्याच्या सबंध लांबीवर वाटला जातो. काही दोऱ्यांत सर्व काटे एकाच दिशेला असून शेवटी एक लहानसा फास असतो, ज्यातून पहिला टाका ओवून घेतला की आरंभही पक्का होतो. काहींत मध्यापासून काट्यांची दिशा दोहो बाजूंना उलट केलेली असते आणि दोन्ही टोकांस सुई असते, म्हणजे शस्त्रवैद्य जखमेच्या मधून निघून दोन्हीकडे शिवत जातो.

या कल्पनेची वंशावळ पाहण्यासारखी आहे. १९६४ साली अमेरिकेत जॉन अल्कामो यांना काटेरी शस्त्रक्रिया-दोऱ्याचे पेटंट मिळाले. १९६७ साली मॅकेंझी यांनी तळहाताच्या व बोटांच्या कंडरा सांधण्यासाठी अशाच काटेरी दोऱ्याचे प्रयोग अस्थिशस्त्रक्रियेच्या एका ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले. मग दीर्घकाळ फारसे काही घडले नाही. १९९४ साली ग्रेगरी रफ यांना काटेरी जोडणी शरीरात घालण्याच्या साधनाचे पेटंट मिळाले, १९९९ साली सूक्ष्मशस्त्रक्रियेचे एक अध्वर्यू हॅरी बंकी यांना एकदिशा दोऱ्याने शिवण्याच्या पद्धतींचे मिळाले, आणि ‘क्विल’ नावाचा दोरा अमेरिकेतील औषध प्रशासनाची परवानगी मिळवून २००४ साली व्यवहारात उतरू लागला. त्या काळच्या अमेरिकन कायद्यानुसार पेटंट मंजुरीपासून १७ वर्षे चाले. म्हणजे अल्कामो यांची सनद १९८१ मध्येच संपली होती, आणि कल्पनेला बाजार मिळाला तो त्यानंतर दोन तपांनी. ज्याने बी पेरले त्याच्या हाती काही लागले नाही, असे वाचकाला वाटेल, आणि ते खरेही आहे. पण त्या कागदाचे आयुष्य सनदेबरोबर संपत नाही. काटेरी दोऱ्याचा पुढचा प्रत्येक अर्ज त्या कागदाच्या कसोटीवर घासून पाहिला जातो.

समजा, आज असा एक नवा अर्ज दाखल झाला आहे आणि त्याचा पहिला दावा असा आहे: ऊती सांधण्याचा दोरा, ज्याच्या एका टोकास सुई आहे, दुसऱ्या टोकास फास आहे, मधल्या भागावर सुईकडे पाठ करून उभे असलेले काटे आहेत, आणि प्रत्येक काट्याच्या कापाची खोली दोऱ्याच्या व्यासाच्या अमुकपासून अमुक अंशापर्यंत आहे. परीक्षक प्रथम या वाक्याचे तुकडे पाडतो. दोरा हा एक, सुई हा दुसरा, फास हा तिसरा, काटे व त्यांची दिशा हा चौथा, आणि कापाची खोली हा पाचवा. मग तो आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या त्या कप्प्यात शिरतो जेथे जगभरची अशी पेटंटे लावून ठेवलेली असतात: जखमा शिवण्याची साधने ‘ए ६१ बी १७/०४’ या खणात, दोऱ्याची द्रव्ये ‘ए ६१ एल १७’ या खणात, काटे असलेल्या दोऱ्यांसाठी तर वेगळा उपविभागच राखलेला आहे. शिवाय वैद्यकीय नियतकालिके, प्रबंध, कंपन्यांची माहितीपत्रके, प्रदर्शनांतील नोंदी. अर्जाच्या तारखेपूर्वी जगात कोठेही, कोणत्याही भाषेत प्रसिद्ध झालेला कागद त्याला चालतो.

पहिली कसोटी नवीनतेची. येथे नियम कडक आहे: पाचही अंगे एकाच जुन्या कागदात, एकत्र आणि त्याच मांडणीत सापडली पाहिजेत. चार सापडली आणि पाचवे नाही, तर नवीनता शाबूत राहते. अल्कामोंच्या कागदात दोरा आणि एकदिशा काटे मिळतात. परंतु अर्जदाराने सांगितलेली खोलीची मर्यादा तेथे जशीच्या तशी नसेल, तर केवळ त्या एका कागदाने दावा पडत नाही. हाच न्याय आपल्या प्राचीन ग्रंथांनाही लावला पाहिजे. मुंगीच्या डोक्याने आतड्याच्या कडा धरण्याचे तत्त्व आणि आजच्या स्टेपलरचे तत्त्व यांत नाते आहे, ते सांगताना ऊर भरून यावा हेही स्वाभाविक आहे. पण धातूच्या टाचण्या, त्या वळवणारा तळ आणि एका दाबाने त्यांची सबंध ओळ सोडणारी मूठ ही अंगे सुश्रुतात नाहीत, आणि जो परीक्षक सुश्रुताचा आदर करतो त्याने त्या वचनाला त्याच्या सामर्थ्यापलीकडे ताणू नये. उलट, वाकड्या सुईच्या सामान्य तत्त्वावर कोणी दावा सांगू लागला, तर तो ग्रंथ निःशंकपणे पुढे करावा.

दुसरी कसोटी खरी अवघड, आणि परीक्षकाचे पाणी जोखले जाते ते येथेच. गोष्ट नवी असली तरी ती त्या क्षेत्रातील साधारण जाणकाराला सहज सुचण्याजोगी होती काय? कायद्याने हा जाणकार कल्पनेतच उभा केला आहे. त्याने सर्व जुने साहित्य वाचले आहे, हात सराईत आहेत, मात्र प्रतिभा नाही. अशा माणसाच्या हाती एक कागद काट्यांचा आणि दुसरा कागद फासाचा दिला, तर तो दोन्ही एकत्र करील काय? करील, असे म्हणायचे तर परीक्षकाने कारण दाखवले पाहिजे: पहिल्या कागदातच आरंभीचे टोक निसटते अशी तक्रार आहे, दुसऱ्यात निसटते टोक फासाने बांधण्याचा उपाय आहे, तेव्हा गरज आणि उपाय यांची भेट होणे स्वाभाविक होते. नुसते ‘दोन्ही ज्ञात आहेत, म्हणून एकत्र करणे उघड आहे’ एवढे लिहून भागत नाही. शोध झाल्यानंतर सर्वच शोध सोपे दिसतात, आणि या पश्चात्बुद्धीपासून स्वतःचे रक्षण करणे ही परीक्षकाची नित्याची साधना आहे.

राहिली कापाची खोली. काप खोल दिला की काटा जाड होतो व चांगला धरतो. पण तितकाच दोऱ्याचा गाभा बारीक होतो आणि दोरा दुबळा पडतो. काप उथळ दिला की दोरा बळकट राहतो, पण काटा वाकून जातो. ही ओढाताण या धंद्यातल्या कोणालाही ठाऊक असते. तेव्हा चार-सहा खोल्यांचे काप देऊन, ओढून पाहून, मधले माप निवडणे याला शोध म्हणावे काय? माझ्या मते, म्हणू नये. आणि परीक्षकही बहुधा तसेच लिहील. परंतु अर्जदाराने आपल्या वर्णनात ताणाच्या चाचण्यांचे कोष्टक दिले असेल, आणि त्यात असे दिसत असेल की त्या विशिष्ट मापांत, काट्यांच्या विशिष्ट नागमोडी मांडणीसह, धरण्याची शक्ती अपेक्षेबाहेर वाढते, तर चित्र पालटते. आपल्या कायद्यात शोधक पाऊल म्हणून जी व्याख्या आहे तीत पूर्वज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व, आणि त्याबरोबर जाणकारास न सुचणे, अशा दोन्ही गोष्टी मागितल्या आहेत. त्यामुळे अशा अर्जात त्या कोष्टकाचे मोल पानभर शब्दांहून अधिक असते; आणि ते कोष्टक ज्या अर्जात नसते, तेथे वकिलाचे वक्तृत्व कितीही ओघवते असले तरी परीक्षकाने पुराव्याचा तगादा सोडता कामा नये.

याच अर्जात पुढे कोठे तरी, विसाव्या-एकविसाव्या दाव्यात, असे वाक्य असते की ‘वरील दोऱ्याने जखम शिवण्याची पद्धत, जीत सुई प्रथम अमुक थरातून घालून’ इत्यादी. भारतीय परीक्षक येथे लेखणी थांबवतो. कायद्याच्या कलम ३ च्या ‘आय’ या पोटकलमाप्रमाणे मनुष्यावर करावयाची कोणतीही शस्त्रक्रियेची वा उपचाराची पद्धत शोध म्हणून गणलीच जात नाही. दोऱ्याची मालकी होऊ शकते; तो दोरा ओवणाऱ्या हाताच्या हालचालीची होऊ शकत नाही. युरोपातही नियम असाच आहे. अमेरिकेत मात्र पद्धतीचे पेटंट मिळते, आणि त्यातून एक प्रसंग उद्भवला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्याला असा छेद घ्यायचा की तो टाका न घालताच आपोआप मिटावा, या पद्धतीचे पेटंट सॅम्युअल पॅलिन यांना १९९२ मध्ये मिळाले, आणि त्यांनी व्हरमाँटमधील दुसऱ्या नेत्रवैद्यावर, जॅक सिंगर यांच्यावर, स्वामित्वधनासाठी दावा लावला. वैद्यकीय जगतात मोठी खळबळ उडाली. १९९६ साली त्या पेटंटातील वादग्रस्त दावे अवैध ठरवणारा हुकूम उभयपक्षांच्या संमतीने झाला, आणि त्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने कायदा दुरुस्त करून, शस्त्रक्रियेची पद्धत वापरणाऱ्या वैद्यावर अशा पेटंटाखाली भरपाईची व मनाईची कारवाई होऊ नये अशी तरतूद केली. म्हणजे सनद द्यायची, पण ती वैद्यावर चालवायची नाही. त्यापेक्षा आरंभीच ती नाकारणारा आपला मार्ग मला अधिक सरळ वाटतो. ज्या क्षणी रुग्ण मेजावर असतो त्या क्षणी शस्त्रवैद्याच्या मनात ऊतींचा विचार असावा, परवान्याचा नव्हे.

दाव्यातील शब्दांच्या हद्दीवरून केवढे रण माजू शकते याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरणही टाक्याच्या दोऱ्याचेच आहे. पॉलिग्लायकॉलिक आम्लाचा विरघळणारा दोरा अमेरिकन सायनामिड या कंपनीने शोधला. तिच्या दोघा रसायनज्ञांच्या, श्मिट व पोलिस्टीना यांच्या, नावे अमेरिकन पेटंट १९६७ साली मंजूर झाले, आणि ‘डेक्सॉन’ या नावाने तो दोरा विक्रीस आला. ब्रिटनमध्ये तेव्हा कॅटगटच्या व्यापारात एथिकॉन कंपनीचे वर्चस्व होते. एथिकॉनने आपला स्वतःचा कृत्रिम दोरा सिद्ध केला. त्यात तेच द्रव्य सुमारे ९० टक्के आणि दुसऱ्या एका द्रव्याची १० टक्के भेसळ अशी साखळी होती. आता सायनामिडच्या ब्रिटिश पेटंटात सांगितलेला पदार्थ म्हणजे त्या एकाच द्रव्याची निर्भेळ साखळी, की मिश्र साखळीही त्यात मोडते? पहिल्या न्यायाधीशांनी एथिकॉनविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम दिला. अपील न्यायालयाने तो उठवला. आणि ५ फेब्रुवारी १९७५ रोजी हाऊस ऑफ लॉर्ड्सने तो पुन्हा लागू केला. लॉर्ड डिप्लॉक यांनी सांगितले की या टप्प्यावर खटल्याचा अंतिम निकाल आधीच लावण्याची गरज नाही; गंभीर वाद उपस्थित झाला आहे काय हे पाहावे आणि मग सोयी-गैरसोयीचा तोल कोणीकडे झुकतो ते पाहावे. एथिकॉनचा दोरा अजून बाजारात आलेला नव्हता, कारखाना बंद पडण्याचा वा कामगार घरी बसण्याचा प्रश्न नव्हता. उलट तो एकदा वैद्यांच्या अंगवळणी पडला असता, तर सायनामिडने पुढे खटला जिंकूनही तो मागे घ्यायला लावणे व्यवहारात अशक्य झाले असते. आज भारतातील न्यायालयांत मनाई हुकुमाचा अर्ज चालतो, मग तो व्यापारचिन्हाचा असो की कराराचा, तेव्हा वकील ज्या निवाड्याचे नाव घेतात तो हा दोऱ्याचा निवाडा आहे.

मला त्यातून दिसते ते एवढे: ‘हा शब्द संदिग्ध आहे, स्पष्ट करा’ ही परीक्षकाची जी हरकत अर्जदारांना नुसती अडवणूक वाटते, तिच्या अभावी पुढे तीन न्यायालये झिजवावी लागतात. आणि दुसरेही. त्या द्रव्याची रसायनशास्त्राला ओळख नवी नव्हती. १९५४ सालीच अमेरिकेत त्याच्या निर्मितीसंबंधी पेटंट दिले गेले होते. नवे होते ते हे की त्याचा दोरा शरीरात ठेवला तर तो ठरावीक गतीने विरघळतो. आपल्या कायद्याच्या कलम ३ च्या ‘डी’ पोटकलमाप्रमाणे ज्ञात पदार्थाचा नुसता नवा उपयोग हा शोध नव्हे. तेव्हा असा अर्ज आज आपल्याकडे आला, तर परीक्षक ही हरकत घेतल्यावाचून राहणार नाही, आणि अर्जदाराला दाखवावे लागेल की आपण मागतो ती उपयोगाची सनद नसून, विशिष्ट घडणीच्या, विशिष्ट बळाच्या, निर्जंतुक केलेल्या एका वस्तूची आहे. प्रामाणिक शोधकाला हे दाखवता येते. नाही दाखवता आले, तर मागणीतच काही उणे होते.

शब्दांइतकीच घातक ठरते ती तारीख. खांद्याभोवतीची कंडरा हाडापासून सुटली म्हणजे ती पुन्हा हाडाला बांधण्यासाठी हाडात एक लहान खुंटी रोवतात. दोरा कंडरेतून ओवून खुंटीच्या नेढ्यातून घेतला आणि खुंटी हाडाच्या भोकात ठोकली, की दोरा खुंटी व हाड यांच्यामध्ये आवळला जातो आणि गाठीचे काम उरत नाही. अशा एका जुळणीचे पेटंट आर्थ्रेक्स कंपनीकडे होते. अर्ज २०१४ चा, पण त्याने मागील अर्जांच्या साखळीतून थेट २००१ पर्यंतची ज्येष्ठता सांगितली होती. प्रतिस्पर्धी स्मिथ अँड नेफ्यू कंपनीने अमेरिकन पेटंट कार्यालयाच्या तीन न्यायिक सदस्यांच्या मंडळापुढे त्यास आव्हान दिले. मंडळाने ठरवले की साखळीतील मधल्या अर्जाचे वर्णन आता मागितलेल्या व्यापक दाव्याला आधार देत नाही, म्हणून साखळी तुटली. आणि ती तुटताच, त्याच कुळातील पूर्वी प्रसिद्ध झालेला आर्थ्रेक्सचा स्वतःचाच अर्ज जुना पुरावा होऊन पेटंटाच्या आड आला. पुढे या प्रकरणाने वेगळेच वळण घेतले. असे निर्णय देणारे सदस्य अमेरिकन राज्यघटनेप्रमाणे रीतसर नेमलेले आहेत काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि जून २०२१ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी असे ठरले की त्यांच्या निर्णयांचा फेरविचार करण्याचा अधिकार कार्यालयाच्या संचालकांना असलाच पाहिजे. फेरविचाराची विनंती नाकारली गेली, आणि २०२२ मध्ये अपील न्यायालयाने मूळ निर्णय कायम केला. हाडातल्या एका खुंटीपायी एका देशाच्या घटनेतील नेमणुकीचे कलम ढवळून निघाले. परंतु ज्या गोष्टीने पेटंट पडले ती साधी होती: पहिल्या दिवशी जे लिहिले नाही, ते मागाहून पहिल्या दिवसाचे म्हणून मागता येत नाही.

वाचकांचा एक गैरसमज येथेच दूर करणे इष्ट होईल. पेटंट मिळाले म्हणजे दोरा सुरक्षित ठरला असे मुळीच नाही. तो रुग्णाला अपाय करील की नाही, निर्जंतुक आहे की नाही, हे पाहणे केंद्रीय औषध प्रमाण नियंत्रण संघटनेचे, २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखालील, वेगळे काम आहे. पेटंट विक्रीचा परवानाही नव्हे. ते फक्त दुसऱ्याला रोखण्याचे साधन आहे.

आपल्या त्या कल्पित अर्जाकडे वळायचे तर, पहिल्या अहवालानंतर त्याचे रूप पालटते. पद्धतीचे दावे गळतात. पहिल्या दाव्यात काट्यांची नागमोडी मांडणी शब्दांत उतरते. फासाचा आकार नुसता ‘फास’ न राहता आकृतीत दाखवला तसा बांधला जातो. कायदा दुरुस्तीला वाव देतो, पण ती आकुंचनाच्या दिशेने. मूळ कागदात नव्हते ते आत घुसवता येत नाही. अशा रीतीने छाटलेला दावा मंजूर झाला, तर तो अर्जदाराच्या खऱ्या कामगिरीएवढा उरलेला असतो, आणि तेवढा त्याला मिळणेही न्याय्यच आहे. कारण वर्षानुवर्षे दोरे ओढून, तोडून, मोजून ज्याने एक चांगला टाका दिला, त्याचा श्रमांश नाकारणे हीही जनतेची हानीच होय.

परीक्षकाला मात्र जे कागद सापडतात त्यांवरच त्याचा न्याय उभा असतो. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कोणाही व्यक्तीला लेखी हरकत दाखल करता येते. मंजुरी प्रसिद्ध झाल्यानंतर एका वर्षाच्या आत हितसंबंधी व्यक्तीला पुन्हा ती संधी असते. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांतील सर्जन दरवर्षी टाक्यांच्या युक्त्या योजतात, परिषदांत मांडतात, प्रबंधांत लिहितात. त्यांतला जो मजकूर तारखेसह प्रसिद्ध झाला असेल, किंवा ग्रंथालयात सर्वांना वाचावयास खुला असेल, तो पुरावा म्हणून चालतो. त्यासोबत एवढेच जोडावे लागते: प्रसिद्धीची तारीख दाखवणारे मुखपृष्ठ, ज्या पानावर ती युक्ती आहे ते पान, इंग्रजीत नसल्यास त्याचे भाषांतर, आणि दाव्याचे कोणते अंग त्या पानावरील कोणत्या ओळीत वा आकृतीत दिसते हे ओळीस ओळ लावून सांगणारी एक यादी.